मागची खोली भाड्याने देऊ नये

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, धंदा शिवणकाम, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर "आजी, काळजी करू नका" म्हणाले, पण माझ्याकडे न बघता कागदांकडे बघत म्हणाले. म्हणून आजच लिहिते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर, दोन खोल्या, माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मुलीला द्यावं, पण एका अटीवर. माझे पती नऊ वर्षांपूर्वी सकाळी घरातून गेले, ते अजून आलेले नाहीत. ते वायरमन होते. शेवटची दोन वर्षं त्यांना स्वतःचं नावही आठवत नसे. त्या दिवशी मी मशीनवर बसल्याबसल्या पेंगले. डोळे उघडले तेव्हा दार सताड उघडं होतं. ते परतले, तर मागची खोली त्यांची. मुलीने ती भाड्याने देऊ नये.

२. धाकट्या दिरांना काहीही देत नाही. "वहिनी, दाराला कुलूप लावायला काय झालं होतं?" हे त्यांनी मला चारचौघांत विचारलं. कुलूप मी लावून पाहिलं होतं. हे आतून दार बडवायचे, "मी काय केलं?" म्हणून रडायचे. तेव्हा हे सांगायला तोंड उघडलं नाही, आता लिहून देते. सात वर्षांनी भाऊजी वकिलाचे कागद घेऊन आले.

"सही करा वहिनी. कायद्याने दादा गेला."

"तुमच्या कायद्याने गेले असतील, भाऊजी. माझ्या दारातून नुसते बाहेर गेलेत."

तेव्हापासून बोलणं बंद. यांचं ड्रिल मशीन त्यांच्याकडेच आहे, ते कोणी परत मागू नये. शवागारात ओळख पटवायला पहिल्या तीन वेळा भाऊजीच माझ्यासोबत आले होते. चौथ्या वेळी पायरीवरच बसले. "माझ्याच्याने होत नाही," म्हणाले. तेही खरंच होतं.

३. शिलाई मशीन आणि मोठी कात्री समोरच्या काजबटणवालीला. तिने माझी गिऱ्हाइकं पळवली, पण काज माझ्यापेक्षा सुबक करते.

४. कपाटातला पांढऱ्या कापडाचा तागा शवागारातल्या शिपाई मामांना. बेवारस माणूस सापडला की पोलीस मला ओळख पटवायला बोलवायचे. चौदा वेळा गेले. वाटेत देवाला म्हणायचे, हे नकोत, दुसरा कोणीही असू दे. सहाव्या वेळी मामांनी चादर बाजूला केली.

"ताई, तुमचे का?"

"नाहीत," म्हणाले, आणि मला हसू फुटलं.

मामा रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "मग यांचं कोण?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चादर फाटकी होती, पाय उघडे पडले होते. मी ते झाकले आणि त्या अनोळखी माणसासाठी हात जोडले. पुढच्या वेळेपासून घरून नवी चादर शिवून नेऊ लागले. देव मला तिथे भेटला, असं म्हणायची माझी लायकी नाही. हे कुठे आहेत ते त्याने अजून सांगितलेलं नाही. मी रोज विचारते, कधी भांडते, हातात दुसरं काहीच नाही. पण एवढं वाटू लागलं की, माझ्या हातून तो दुसऱ्याच्या माणसावर पांघरूण घालतो, तर यांच्यावरही कोणाच्या तरी हातून घालत असेल. जिवंत असतील, तर कोणी जेवायला वाढत असेल. तेवढ्यावर इतके दिवस काढले.

५. पोरी, हे कलम नीट वाच. बाबा आले आणि "ती कुठाय?" म्हणाले, तर मी गेले असं सांगू नकोस. त्यांच्या लक्षात राहणार नाही. ते पुन्हा विचारतील, आणि दर वेळी त्यांची बायको नव्याने मरेल. म्हणावं, कपडे पोचवायला गेलीय, येईलच. हे खोटं तुझ्या माथी नाही. देवापुढे त्याचा जाब मी देईन. मलाही त्याला बरंच विचारायचंय.

ठिकाण : राहतं घर, पुढची खोली
दिनांक : शुक्रवार, अकरा मार्च

(सही)

वरील मजकूर बाईंनी आम्हा दोघांसमोर मोठ्याने वाचून सही केली. पाचव्या कलमाला थांबल्या, पाणी प्यायल्या. बदल काही केला नाही.

साक्षीदार :
१. तळमजल्यावरचे चष्मेवाले (सही)
२. शेजारच्या निवृत्त शाळामास्तरीण (सही)