भुतांना भुताचा सिनेमा

शनिवार, ४ जानेवारी
सॉसेज गेले! दुपारच्या भाताबरोबर म्हणून केलेले आंबट सॉसेज नोकने उचलले — आतडी म्हणून!

नोक म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. ब्युटी पार्लर चालवते आणि सुट्टीच्या दिवशी फोनवर भुतांचे विनोदी सिनेमे काढते. गावचे लोक फुकट कामं करतात. तिच्या भुतांचे केस मात्र छान सेट केलेले असतात. या खेपेला भूत कोण? माझा नवरा, खामसिंग! त्रेसष्ट वर्षांचा, रिटायर्ड पोस्टमन. क्रासू झालाय — नुसतं मुंडकं उडतं, खाली आतडी लोंबतात. खरं तर क्रासू बाई असते, पण गावातली एकही बाई तयार होईना. म्हणून याला विग आणि लिपस्टिक. म्हटलं, "शोभतं का हे?"
"नाही गं, रंग जरा भडकच आहे," म्हणाला. आरशात बघत!

रविवार, ५ जानेवारी
शूटिंगला जेवण घेऊन गेले. बघायला नाही. भूत येतं, चार बाप्ये घाबरून पाण्याच्या एकाच रांजणात घुसतात, असा सीन. रांजण फुटला. मग आमचा कुत्रा आतडी ओढून पळाला, आणि विग सावरत भूत त्याच्यामागे — "अरे मेल्या, माझी आतडी!" नोकने कॅमेरा बंद केलाच नाही. सगळे लोळत होते. मी हसले नाही. कुणीतरी शहाणं राहायला हवं ना.

घरी आल्यावर म्हटलं, डॉक्टरांनी पळू नका म्हणून सांगितलंय.
"भूत कुठे पळतं? माणसं पळतात."
"मग आज कोण पळालं?"
त्याने तोंड पुढे केलं. लिपस्टिक पुसून दिली, तरी ओठ निळसरच राहिले. दोनदा पुसले.

गुरुवार, ९ जानेवारी
शहरातल्या इस्पितळात जाऊन आलो. हृदयाची झडप. ऑपरेशन अठ्ठावीसला. थांबण्यात जास्त धोका आहे, असं डॉक्टर म्हणाले. येताना बसमध्ये हा शेजारच्या माणसाला कुत्र्याचा सीन सांगत होता. मला ओरडावंसं वाटत होतं.

रविवार, १२ जानेवारी
देवराईत जाऊन गावाच्या राखणदार आजोबांच्या ठाण्यापुढे उकडलेली कोंबडी आणि दारू ठेवली. नवस बोलले — माझा माणूस चालत घरी येऊ दे, तुम्हाला पडदा बांधून सिनेमा दाखवीन.

पडदेवाला विचाई घरी आला. कुठला दाखवायचा?
"माझाच दाखव की!" खामसिंग.
विचाईच्या हातातला चहा सांडला. "पोस्टमन, डोकं ठिकाणावर आहे का? पहिली रांग कुणासाठी मोकळी सोडतो आपण? आजोबा आणि गावचे सगळे मेलेले, तेच बसतात ना तिथे! भुतांना भुताचा सिनेमा दाखवायचा? त्यांची टिंगल त्यांच्याच तोंडावर?"
युद्धाचा सिनेमा ठरला. तोफा असलेला. आजोबांना तोफा आवडतात म्हणे! आमचा नट जेवेपर्यंत फुगून बसला होता.

सोमवार, २० जानेवारी
नोकचा सिनेमा तयार झाला. पार्लरमध्ये सगळ्यांनी पाहिला. मी गेले नाही.
"एकदा बघ ना. हसशील."
"तू इस्पितळातून आलास की बघू."
नोक म्हणते, "मावशी, तुला हसवायचं म्हणूनच काका तयार झाले. डॉक्टरांनी पळू नका म्हटल्यापासून तू हसली नाहीस, म्हणाले." चाळीस वर्षं संसार केला, आणि बायकोला हसवायला या माणसाला मुंडकं व्हावं लागतं! आहे की नाही वेडा! मला आज फार भीती वाटते आहे.

सोमवार, २७ जानेवारी
काल गावाने त्याच्या दोन्ही मनगटांना पांढरे दोरे बांधले, जीव अंगातच राहावा म्हणून. आज इस्पितळात नर्सने काढायला लावले. खूप विनवल्यावर एक राहू दिला. झोपताना मला म्हणतो, "तोफांचा सिनेमा तीन तासांचा असतो. म्हाताऱ्या आजोबांची पाठ दुखेल."

मंगळवार, २८ जानेवारी
सकाळी आठला आत नेलं. दारातून मला क्रासूचं तोंड करून दाखवलं.

रविवार, १६ फेब्रुवारी
विचाई म्हणाला, "वहिनी, नवस फळलाच नाही. फेडायचं काही राहिलं नाही. कुणी नावं ठेवणार नाही." म्हटलं, पडदा बांध. "तोफांचा?" नाही, त्याचा लाव. "ते रागावतील, वहिनी." रागावू देत. आता त्यांच्यात आपला माणूस आहे, तो बघून घेईल.
पहिल्या रांगेत दर वेळी नऊ खुर्च्या असतात. मी दहावी ठेवली.
कुत्रा आतडी घेऊन पळाला तेव्हा मी हसले. सगळ्यांत मोठ्याने. पुढच्या रांगेत ऐकू जावं इतक्या मोठ्याने.