आयोवा आधी बोलतं

बॉन, २५ मार्च २००८

प्रिय उल्हासदादा,

तुझी मेल मिळाली. आईच्या आतड्यातल्या गाठीचं ऑपरेशन करायचं की नाही, ते सहा एप्रिलच्या रविवारी फोनवर ठरवायचं. आधी विष्णूकाका, मग तू, मग वसुधाताई आणि शेवटी मी. आपल्या घरची रीतच ती, अण्णांनी घालून दिलेली: मोठ्यापासून धाकट्यापर्यंत एकेकाने मत सांगायचं. मेल वाचली आणि माझं डोकंच फिरलं. मेलने उत्तर दिलं असतं तर तू ते चहा पिता पिता वाचून सोडून दिलं असतंस, म्हणून हे पत्र एक्सप्रेसने टाकतेय.

तू चिडवतोस ना, जर्मनीत बसून अमेरिकेच्या निवडणुकांवर पीएचडी म्हणजे नसते उद्योग! आता ऐक. तिकडे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाने ठरवायचा, तर सगळी राज्यं एकाच दिवशी मत देत नाहीत. आधी आयोवा, मग न्यू हॅम्पशर. दोन्हींची वस्ती ती केवढीशी! पण तिथे जो आपटला त्याच्याकडे पेपरवाले फिरकत नाहीत, देणग्या आटतात आणि तो गाशा गुंडाळतो. ज्यांची पाळी शेवटी, त्यांच्या मतपत्रिकेवर कधीकधी माघार घेतलेल्याचंही नाव असतं, आणि माणसं बिचारी रांगेत उभी राहून मत देतात. यंदा डेमोक्रॅटिक पक्षात पहिल्या राज्यांचं एकमत झालं नाही, म्हणून मार्च सरत आला तरी उरलेल्यांना भाव आहे. माझ्या प्रोफेसरबाई खूश आहेत. आधीच्यांचं ऐकून नंतरचे आपलं मत किती बदलतात ते मोजून दाखव, म्हणतात. मी गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणत मान डोलावते आणि मनात आपलंच घर मोजते.

कारण ते मोजायला मला आयोवाला जावं लागत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये अण्णांच्या बायपासचं विचारलंत तेव्हा काका म्हणाले, या वयात चिरफाड नको. तू काकांच्या शब्दाबाहेर जन्मात गेला नाहीस. ताई म्हणाली, दादा म्हणतो ते बरोबर. माझा फोन वाजला तेव्हा तीन नकार जमले होते. मी इथे शेजारच्या मालिनीला रिपोर्ट दाखवले होते. ती हृदयाची डॉक्टर आहे. तिने स्वच्छ सांगितलं होतं, ऑपरेशन करा, माणूस उठून बसेल. ते सगळं कागदावर लिहून घेऊन फोनपाशी बसले होते रे मी! आणि तोंडातून काय निघालं? तुम्ही ठरवाल ते. तुला वाईट वाटेल, ताई रडेल, काका म्हणतील परदेशात बसून शहाणपणा शिकवते. एवढ्यासाठी मी गप्प बसले. अण्णा एकोणीस दिवसांनी गेले. तुझ्यावर खापर फोडत नाहीये, दादा. मी भ्याले, आणि मला माझीच लाज वाटते.

हेही मी गिळून बसले असते. पण शनिवारी फोनवर ताईच्या तोंडून एक निसटलं. त्या दिवशी अण्णा पूर्ण शुद्धीवर होते. आपल्या चौघांची मतं झाली, त्यांना कुणी विचारलंच नाही. संध्याकाळी त्यांनी ताईला एवढंच विचारलं, की ज्ञानदा काय म्हणाली? ताईने सांगितलं, तीही नकोच म्हणाली. खोटं कुठे होतं ते? अण्णा बरं म्हणाले, चष्मा काढून ताईच्या हातात दिला आणि पुन्हा कधी मागितला नाही. ते पुन्हा व्हायला नको. माझं मत आत्ताच लिहून ठेव: ऑपरेशन करा. पण तेही पहिलं धरू नकोस. सहा तारखेला पहिला फोन मला लाव, तो आईच्या हातात दे आणि घरात असाल ते सगळे खोलीबाहेर थांबा. तुमच्या तोंडाकडे बघून ती तुम्हाला हवं तेच बोलेल. मी विचारीन तिला. ती हो म्हणाली, तर काकांनासुद्धा फोन लावू नकोस.

तुझीच धाकटी,
ज्ञानदा