रागवायला कोणी तयार नाही

आदरणीय आणि मोठ्या आवाजाच्या स्टेफी आत्यास,

लॅरिसाचा लांबूनच नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? बाबा म्हणाले थंडीने परत धरलाय, पण काल तू त्याच पायाने अंगणातल्या बर्फाच्या ढिगाला लाथ घालताना दिसलीस, म्हणजे बरा असावा. तुझा बोरिस आता मीटर वाचायला येणाऱ्या माणसाला चावत नाही असं ऐकलं. तो सुधारला, की माणूसच यायचा बंद झाला? आम्ही इकडे सगळे मजेत. आईने ख्रिसमसला केलेले कोबीचे रोल अजून फ्रीझरमधून निघतायत. संपले म्हणतो आणि मागून अजून एक डबा निघतो. बाबा म्हणतात, हे रोल आपल्यापेक्षा जास्त जगणार. फोन का नाही केला असं विचारशील. फोनवर मी हॅलो म्हणेपर्यंत तुझं सगळं बोलून होतं आणि तू ठेवतेस. (मला ते आवडतं. खरं तर जगात तुझ्याशीच बोलायला मला भीती वाटत नाही, कारण बोलायची वेळच येत नाही.) पण यावेळी मला मधेच थांबता येणार नव्हतं, म्हणून लिहितेय.

तुला माहीतच आहे, मी शाळा का सोडली ते. इतिहासाच्या बाई एकेकाला उभं करून बोलायला लावायच्या. मी उभी राहायचे, बोलायचं राहून जायचं. शेवटी वर्गातली पोरं पैज लावायला लागली, की आज हिच्या तोंडून आधी शब्द निघतो की आधी घंटा होते. घंटाच जिंकायची. त्यापेक्षा आइस हॉकीच्या रिंकचं कँटीन बरं. खिडकीतून कोणी म्हणतं चिप्स, मी चिप्स देते, तो म्हणतो थँक्यू, मी मान हलवते, संपलं. कँटीनवाली बर्निसकाकू म्हणते, तुझ्याइतकं कमी भांडणारं माणूस या खिडकीत आजवर झालं नाही. पण आता हे कँटीनही हातचं जायची वेळ आलीय. रिंकच्या कमिटीने ठरवलंय की संतापलेल्या माणसाला शांत कसं करायचं आणि स्वतः सुखरूप कसं राहायचं, याचं ट्रेनिंग रिंकवर काम करणाऱ्या सगळ्यांनी घ्यायचं. परीक्षाही आहे. जो पास होणार नाही त्याने खिडकीत उभं राहायचं नाही. आणि आईने जाहीर केलंय की खिडकी सुटली तर सोमवारी शाळा.

हे ट्रेनिंग अचानक का आलं, याबद्दल मी काही लिहिणार नाही. जानेवारीतल्या त्या प्रकरणाचा शब्दही काढायचा नाही असं मी आईला वचन दिलंय. (मी फक्त एवढंच म्हणते, की टोबी चौदा वर्षांचा आहे, ती त्याची रेफरी म्हणून तिसरीच मॅच होती, आणि तुझ्या डॅनीने समोरच्या टीममधल्या पोराच्या पायात खरंच काठी घातली होती, मी खिडकीतून बघितलं. पेनल्टी बरोबर होती. ती बरोबर असली तरी तू बर्फावर उतरायला नको होतंस, तेही घरातल्या सपाता घालून. आणि उतरलीसच तर हातातलं हॉट चॉकलेट बाहेर ठेवून उतरायचं, ते सगळं टोबीच्या अंगावर गेलं. त्यानंतर टोबीने शिट्टी कुणाला तरी देऊन टाकलीय. आता आमच्याकडे पोरांच्या मॅचना रेफरीच मिळत नाही, वेंडेलकाका बर्फ गुळगुळीत करायचं मशीन फिरवून उतरतात आणि तसेच शिट्टी वाजवायला लागतात.) बघ, एक शब्द नाही काढला.

तर ट्रेनिंग. रजायना शहराहून ग्रेगर पेलकीसाहेब म्हणून एक गृहस्थ आले. उंच, शांत, आवाज असा की ऐकताना झोप यावी. रिंकच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही बसलो. मी, बर्निसकाकू, वेंडेलकाका आणि स्केट्सना धार लावणारी दोघं भावंडं. पेलकीसाहेबांनी शिकवलं की समोरचा चिडला की त्याच्यापासून दीड हात लांब उभं राहायचं. (मी मनात म्हटलं, आमच्या घरात आत्यापासून चार हात ठेवतात.) छातीसमोर छाती नाही, जरा तिरकं राहायचं. हात दिसतील असे ठेवायचे. त्याच्या आणि दाराच्या मधे यायचं नाही, आणि आपलंही दार मोकळं ठेवायचं. आवाज खाली. त्याला नावाने हाक मारायची, काय झालं ते विचारायचं, पूर्ण ऐकून घ्यायचं. मग त्याला दोन पर्याय द्यायचे, दोन्ही आपल्याला परवडतील असे, म्हणजे निवडल्याचं समाधान त्याचं आणि डोकं आपलं. आणि प्रकरण हाताबाहेर जातंय असं वाटलं तर शूरपणा करायचा नाही, सरळ निघून जायचं आणि मदत बोलवायची. मला सगळ्यात जास्त हे शेवटचं आवडलं. ते मला आधीपासूनच येतं.

इथपर्यंत छान चाललं होतं. मग साहेब म्हणाले, आता करून बघू, एकाने चिडलेला पालक व्हायचं. आणि आत्या, तिथे सगळं अडलं. तुला आपलं गाव माहीत आहे. इथे माणूस दुसऱ्याच्या गाडीखाली आला तरी आधी स्वतः सॉरी म्हणतो. वेंडेलकाका चिडलेला बाप म्हणून उभे राहिले, टोपी काढली, आणि म्हणाले, "माफ करा हं, तुम्हाला वेळ असेल तर मी जरा ओरडू का?"

"विचारू नका, ओरडा!" साहेब म्हणाले. "तुमच्या पोराला पूर्ण मॅच बाकावर बसवलंय!"

"हो, पण कोचचं काहीतरी कारण असेल ना."

"काही कारण नाही!"

"अरेरे. मग त्याला बरं नसेल. घरी सगळं ठीक आहे ना त्याच्या?"

बर्निसकाकूला गार चिप्स मिळालेली बाई व्हायचं होतं. ती आली, चिप्स बघितल्या, मला म्हणाली, "तू बस गं, दमली असशील," आणि खाली जाऊन स्वतःच तळून घेऊन आली. मग मनगट सोडवायचं शिकवलं. कोणी धरलं तर ओढाताण नाही, त्याच्या अंगठ्याच्या बाजूला हात वळवायचा आणि मागे सरकायचं. वेंडेलकाकांनी माझं मनगट इतकं हळू धरलं की मी वळवायच्या आधीच ते सुटलं. "लागलं नाही ना पोरी?" म्हणून ते बर्फ आणायला निघाले. बर्फ तर काय, खाली मैदानभर.

शेवटी माझी पाळी आली. समोर स्केटवाला थोरला भाऊ चिडला होता, म्हणजे भिंतीकडे बघून हसू दाबत होता. मी तिरकी उभी राहिले, हात दाखवले, दार मोकळं ठेवलं. साहेब खूश. आवाज तर इतका खाली ठेवला की ते म्हणाले, "पोरी, आवाज खाली म्हणजे तळघरात नव्हे." आता त्याला नावाने हाक मारायची होती. ज्या पोराला मी बालवाडीपासून ओळखते त्याचं नाव माझ्या तोंडातून बाहेर येईना. खालची मॅच संपल्याची घंटा झाली. घंटा परत जिंकली.

तेव्हा पेलकीसाहेबांचा तोल गेला. त्यांनी फाइल टेबलावर आपटली, लाल झाले आणि ओरडले, "मी काय करू तुमच्या गावाचं! कोणी चिडत नाही, कोणी बोलत नाही! परीक्षा कुणाची घेऊ, भिंतीची?" मग बर्निसकाकू उठली. दीड हातावर थांबली, जराशी तिरकी, दोन्ही पंजे दिसतील असे, आणि मऊ आवाजात म्हणाली, "ग्रेगर बाळा, तुला फार मनस्ताप झालाय, दिसतंय मला. चिप्स देऊ की बटाटा भरलेल्या गरम पेरोगी?"

साहेबांनी आपटलेली फाइल सरळ करून ठेवली. मग लहान मुलासारखे म्हणाले, "पेरोगी."

"कांदा परतून घालू?"

"घाला."

खाऊन झाल्यावर त्यांनी तिला तिथल्या तिथे पास केलं. बाकीच्यांना म्हणाले, मी शनिवारी परत येतो, तोपर्यंत एक खरा संतापणारा माणूस शोधून ठेवा, नाहीतर कोणी पास नाही. मग आम्ही खुर्च्या उचलल्या आणि घरी आलो.

बस, एवढंच सांगायचं होतं. सहज आठवण आली म्हणून लिहिलं. गुडघ्याला जप. बोरिसला माझ्याकडून लांबूनच थोपट.

तुझी (हळू आवाजातली)
लॅरिसा

ता.क. खुर्च्या उचलताना कोणीही तुझं नाव घेतलं नाही, देवाशपथ. सगळ्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं.

आणखी ता.क. तर शनिवारी सकाळी तू रिंकच्या मागच्या दाराने येशील का? कमिटीने तासाभरापुरती तुझ्यावरची रिंकमध्ये यायची बंदी उठवलीय. तू माझ्यावर जानेवारीतल्यासारखं ओरडायचंस आणि मी तुला शांत करायचं. घरी बाबांनी तू होऊन बघितलं, पण मधेच त्यांना लहानपणचं काहीतरी आठवलं आणि ते गॅरेजमध्ये जाऊन बसले. लगेच शांत होऊ नकोस, साहेबांना खोटं वाटेल. पण होच. मला त्या वर्गात परत उभं नाही राहायचंय, आत्या. आणि जोरात बोलणाऱ्या माणसाला थांबवून बोलायचं असेल तर मला ते फक्त तुझ्यासमोर जमेल.

अजून एक. टोबीलाही बोलावलंय. तो दारापाशी उभा राहील (दार मोकळं ठेवून). त्याच्यासमोर सगळं नीट झालं तर कमिटी रविवारच्या फायनलला तुला आत बसू देणार आहे. म्हणजे तुझ्यापुढे दोन रस्ते आहेत, स्टेफी आत्या. एक, टोबीला सॉरी म्हणायचं आणि डॅनीची फायनल आत, गरम हीटरखाली बसून बघायची. दुसरा, नेहमीसारखं पार्किंगमध्ये, इंजिन गोठू नये म्हणून गाडी विजेला जोडून आत बसायचं आणि रिंकमध्ये काय चाललंय ते न दिसता हॉर्न वाजवायचा. तू कुठलाही निवडलास तरी मला चालेल. काय झालं होतं तुला त्या दिवशी, हे मला कोणी विचारू दिलं नाही. शनिवारी विचारीन. पूर्ण ऐकून घेईन.

शेवटचं. हे पत्र हातात द्यायला मी आले होते, पण तुझ्या घरातून रेडिओशी भांडल्याचा आवाज येत होता. म्हणून गाडीच्या वायपरखाली खोचलं आणि पळाले. पळणंसुद्धा शिकवलंय. त्यात मी पास आहे.