उणिवा नसलेलं विमान

१२ ऑक्टोबर, रविवार. वसई

संताप आवरत नाही. सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी मी टीयू-९५ या जुन्या रशियन बॉम्बर विमानावर लेख दिला. निम्मा सामर्थ्यावर, निम्मा उणिवांवर. आज संपादक सामंतांनी पानं दाखवली, तर उणिवा गायब!

"अहो, दिवाळीचा अंक. त्यात रडगाणं कशाला?" म्हणे.

रडगाणं? प्रचंड पल्ला, एकाच आसावर उलटसुलट फिरणारे जोडपंखे, हे सगळं खरं. पण रडारवर ते घराएवढं दिसतं, लढाऊ जेटपुढे पळू शकत नाही, आणि आवाज! कानठळ्या बसवणारा. त्या आवाजावर माझा अख्खा परिच्छेद होता. जवळ जाऊन निभाव लागत नाही, म्हणून तर ते दुरूनच क्षेपणास्त्र सोडतं. उणीव काढली तर सामर्थ्य कळणार कसं? कॉलेजात न जाता, वाचून शिकलोय, म्हणून माझंच कापायचं?

"पूर्ण छापा, नाहीतर परत द्या," म्हटलं.

"परत घ्या भाऊ. तिथे चकलीची जाहिरात बसेल."

चकली! आवाजाच्या जागी चकली!

नाव पहिल्यांदाच छापून येणार होतं. गिरीज गावात राहणाऱ्या ताईला कळवूनही बसलोय. आता फोन केला की ती एवढंच विचारणार, "पुन्हा भांडलास ना?"