चमकीची बाटली

सोम., ५ जाने. ८७
खडू धुतला तरी जात नाही. मधल्या सुट्टीत नळावर साबण लावून हात घासले. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला, नखाच्या कडेनं, पांढरं. दिवसभर तिसरीच्या वर्गात फळा लिहीत होते, वाटलं खडूच. घरी येऊन नारळाच्या शेंडीनं घासलं. बोट लाल झालं, पांढरं ते पांढरंच. शेजारच्या बोटालाही टिकलीएवढं.
धाकटीचा, शुभीचा, साखरपुडा एक तारखेला. याला आत्ताच निघायचं सुचलं.

बुध., ७
काल तो शब्द मनातसुद्धा येऊ दिला नाही. आज लिहून टाकते. कोड.
मांडवीत कुणाच्या काकूला होतं म्हणून पुतणीचं ठरलेलं लग्न मोडलं, ही गोष्ट आईच येताजाता सांगते. मला एकतिसाव्या वर्षी कोण विचारतंय, ते सोड. पण शुभी. दिवाळीपासून तिचे पाय जमिनीवर नाहीत. प्रकाशची पत्रं उशीखाली ठेवते, वाटतं कोणाला माहीत नाही. त्याची चिपळूणची माणसं चांगली आहेत. चांगली असली तरी माणसंच.
शाळेत निभतंय. मास्तरीणबाईंची बोटं पांढरी असायचीच. घरात कुठला खडू आणू?

शुक्र., ९
शाळेला सुट्टी. आई नि शुभी बाजारात. दार लावून बसले.
मामेबहीण नीला दिवाळीला मुंबईहून आली होती, ती नेलपॉलिशच्या दोन बाटल्या विसरून गेली. एक गुलाबी, एक चांदीच्या चमकीची. आधी गुलाबी लावलं. नखावर छान, पण कातडीवर नेलं की काळंसावळं नि पांढरं वेगवेगळं उठून दिसतं. रॉकेलनं पुसलं. मग चमकीचा एक हात दिला. वाळू दिला. फुंकरून फुंकरून गाल दुखले. वर दुसरा, मग तिसरा, जरा कडेबाहेर. खिडकीपाशी हात नेला. नख कुठं संपतं नि बोट कुठं सुरू होतं, मलाच कळेना. सोमवारपासून पहिल्यांदा नीट श्वास घेतला.
मग लक्षात आलं, दोनच बोटं रंगवून कसं चालेल? दहाही रंगवली. घरभर वास. उदबत्ती लावली, देवापुढे नव्हे, दिवाणखान्यात.
हात लांब धरून बघितला. कुणा दुसरीचाच वाटला. बरं वाटलं जरा. खोटं कशाला लिहू.

शनि., १०
आई : "हे काय गो? नखं रंगवायचं वय का तुझं? शाळेत पोरं काय शिकतील?"
म्हटलं, साखरपुड्याला लावायचंय, आधी लावून बघतेय. आई म्हणाली, साखरपुडा तुझा का तिचा?
अण्णांनी पेपर खाली केला, बघितलं, पेपर वर केला.

बुध., १४. संक्रांत
तिळाचे लाडू वळायला बसवलं. कसं नाही म्हणू? गरम पाक, तुपाचा हात. व्हायचं ते झालं. अण्णांच्या लाडवात चमकी निघाली. जिभेवरची बोटावर घेतली, चष्मा लावून बघितली. "लाडवाला वर्ख लावलात की काय यंदा?" शुभी हसून लोळायची बाकी. मीही हसले. मग न्हाणीत जाऊन नळ सोडून रडले.
सगळ्यांनी माझ्या हातचे लाडू खाल्ले. लागत असेल तर? शुभीनं चार खाल्ले. देवा, तिला नको.

शनि., १७
मोठ्या बाई सगळ्यांदेखत : "सुमनबाई, कुठं ठरलं की काय?" बाकीच्या बायका वह्यांत डोकी घालून हसल्या. चित्रकलेच्या सरांचं नाव घेतात म्हणे. बिचारे सर. एकदा माझ्याकडे डस्टर मागितलं होतं, एवढाच काय तो आमचा संबंध.
हे घरापर्यंत आलं. शेजारच्या कमळाकाकूंनी आणून पोचवलं. संध्याकाळी अण्णा ओटीवर जवळ येऊन बसले. "सुमे, काही असलं तर सांग. मी नाही म्हणायचा नाही. फक्त शुभीचं होईस्तोवर दमानं घे." इतक्या मायेनं बोलले की वाटलं, असता खरंच एखादा तर किती सोपं होतं.
तसं काही नाही म्हटलं. पटलं नाही त्यांना. बरंच झालं. हे समजू देत, ते नको.

मंगळ., २०
अर्धी रजा टाकून सिव्हिलमध्ये. आदल्या दिवशी चमकी काढायला बसले तर निघेना. रॉकेल झालं, लिंबू झालं, शेवटी अण्णांच्या दाढीच्या ब्लेडनं खरवडली. रक्त आलं.
रांगेत पदराखाली हात. पुढची बाई मलाच विचारते, काय होतंय? म्हटलं, खोकला.
डॉक्टरांनी टाचणी टोचून बघितली. दुखलं. "महारोग नाही. एकमेकांना लागतही नाही. वाढेल की थांबेल, ते सांगता येत नाही." तेल लिहून दिलं, ते लावून सकाळच्या उन्हात थोडा वेळ बोटं धरायची. आणि, "ते नखांचं बंद करा. त्यानं आणखी भडकायचं." विचारलं, एक तारखेपर्यंत लावलं तर? ते पुढच्या बाईला बोलावत होते.
लागत नाही म्हणाले. लागत नाही. हे पुन्हा पुन्हा लिहून ठेवावंसं वाटतंय. पण चिपळूणच्या सासूबाईंना हे कुठला डॉक्टर जाऊन सांगणार आहे?
घरी येऊन परत तीन हात दिले. खरवडलेल्या जागी आग आग झाली.

गुरु., २२
सकाळी परसात फणसाच्या पलीकडे उन्हात बसते. आई विचारते, तिथं काय करतेस? म्हटलं, थंडी वाजते. रत्नागिरीत.
अंगठ्याला नवं. तिळाएवढं. आहे की मला भास होतोय?

रवि., २५
आज वाईट झालं.
शाळेतून आणलेल्या खडूच्या खोक्यात बाटली ठेवते. दुपारी शुभी ती घेऊन समोर. "ताई, मलाही लाव ना एक तारखेला. तुझी बघून मला हौस आली." ब्रश बाहेर काढला, नखाला लावणारच होती. मी हिसकावून घेतली. डॉक्टर लागत नाही म्हणाले ते सगळं त्या क्षणी विसरले. माझ्या बोटांवरून फिरलेला ब्रश तो. "माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही," असं ओरडले. शुभीवर मी असं कधी ओरडले नव्हते.
ती बघत राहिली. मग हळू आवाजात, "तुला माझं लग्न बघवत नाही का, ताई?"
तिला लहानपणी मी कडेवर घेऊन शाळेत नेलंय. मला बघवत नाही? सांगावंसं वाटलं, तोंडापर्यंत आलं. सांगितलं तर ती प्रकाशपासून लपवणार, नाहीतर त्याला सांगणार. दोन्हीकडून तिचंच वाटोळं. बाटली खोक्यात ठेवून झाकण लावलं.

बुध., २८
बाटली तळाला आलीय. उरलेल्याचा गोळा झालाय, ब्रशला नीट येत नाही. राम आळीतल्या दुकानात विचारलं. "चमकीचं नाही हो, लाल घ्या." लाल काय करायचंय?
साखरपुड्याला जेवण आमच्याकडे. वाढायला मी. थोरलीनं नाही वाढायचं तर कोणी? व्याहीमंडळींच्या ताटांवरून माझा उजवा हात फिरणार. भात, वरण, तूप, पुन्हा भात. सासूबाईंची नजर बारीक आहे, शुभीच्या पोलक्याची शिवण उसवलेली पहिल्याच भेटीत दाखवली होती.
विचार करून डोकं फुटायची वेळ आलीय. एकच सुचतंय. त्या दिवशी मी इथं असताच कामा नये.

शुक्र., ३०
आईला सांगितलं, मुरुडच्या मावशीचा पाय मुरगळलाय, रविवारी सकाळच्या दापोली गाडीनं जाते. आईनं हातातलं भांडं ठेवलं. "आणि चिपळूणच्यांना काय सांगू? थोरली बहीण रुसून गेली म्हणून? आधीच गावात बोलतायत." मग रडली. मी दगडासारखी उभी. अण्णांनी चष्मा काढून ठेवला, ते जास्त लागलं.
शुभीनं ऐकलं. उठून गेली.
पिशवी भरली. दोन पातळं, तेलाची बाटली.

रवि., १ फेब्रु.
गाडीवर गेले नाही. कारण असं.
सकाळी खोक्यात बाटली नाही. आधीची चमकी भांडी घासताना सोलून गेली होती, प्रवासात तरी बोटं झाकायला हवी होती. शोधत परसात गेले तर शुभी धुण्याच्या दगडावर बसलेली, हात हवेत, फुंकर घालतेय. दहाही नखं चमकीची. पायांचीसुद्धा. शेजारी बाटली, आतून काडीनं खरवडून घेतलेली. आज तिचा साखरपुडा आणि पायांची नखं अशी की कावळा घेऊन जाईल.
"संपली," म्हणाली. "आता तुला तसंच वाढावं लागेल."

"उन्हात बोटं धरून बसतेस, मी काय आंधळी आहे? त्या दिवशी मुद्दाम तसं बोलले. वाटलं, आता तरी सांगशील. तरी नाही सांगितलंस." आता ती रडत होती, पण हात तसेच वर, वाळायचे म्हणून. "लग्नानंतर त्यांना कळलं तर मला तिथं कोण विचारील? आज कळू दे. आज मी अजून इथं आहे. आणि तुझ्या हातचं त्यांना खायचं नसेल ना, तर…"
मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. मग तिचं डोकं पोटाशी धरून कितीतरी वेळ उभी होते. मूर्ख मुलगी. तिला काय माहीत ती काय पणाला लावतेय. का तिलाच माहीत आहे नि मलाच नाही?

मंडळी आली. प्रकाशनं शुभीची नखं बघितली, हसला. साखरपुडा झाला, पेढे वाटले ते अण्णांनी. आता पानं मांडलीत. माजघरात उभ्यानं लिहितेय. आईनं भाताचं पातेलं पुढं सरकवलं, माझ्या हाताकडे बघितलं, थबकली. बघत राहिली. मग पदरानं माझा हात पुसला, ओला नव्हता तरी.
बाहेरून सासूबाईंचा आवाज, "थोरली कुठंय? तिला म्हणावं, तूच वाढ."
हात पुन्हा धुतले. तसेच आहेत. जाते.