गच्चीवरून ऐकलेली मॅच

आबा, तालमीत तुमच्या फोटोखाली तुमचं एक वाक्य रंगवलंय, हे तुम्हाला ठाऊक नसणार. तुम्ही गेल्यावर रंगवलं. 'ग्राउंडवर आल्याशिवाय मॅच कळत नाही.' पेंटरनं भाषा सुधारून घेतली, तुम्ही काही इतकं शुद्ध बोलला नव्हता. खाली 'वस्ताद' एवढंच लिहिलंय. फुटबॉल शिकवणाऱ्याला कुस्तीतलं नाव का, असं बाहेरगावचं कुणी विचारलं, तर आपली पोरं अजून छाती फुगवून सांगतात की आमच्याकडं टीमसुद्धा तालमीतच जन्मते. ते सगळं ठीक आहे. पण परवाच्या कमिटीच्या बैठकीत अध्यक्षांनी त्या वाक्याकडं बोट केलं आणि भर सभेत मला म्हणाले, "वस्तादांची पोरगी तू. तुला आनि आमी सांगाय पायजे व्हय?" तेव्हापासून डोकं तापलंय. अध्यक्षांशी भांडून झालं, आता तुमच्याशी भांडायचं राहिलंय, म्हणून लिहायला बसले.

आधी काय चाललंय ते सांगते, नाहीतर तुम्ही मधेच थांबवाल. हल्ली मॅच फोनवर दिसते. आपली तालीम स्पर्धा भरवते ना, तिच्या सगळ्या मॅचेस कॅमेरे लावून दाखवतात. घरबसल्या तिकीट काढायचं, पैसे भरले की फोनवर मॅच सुरू. ही कल्पना कमिटीत मीच मांडली. हो, मी कमिटीवर आहे. शाळेत पीटी शिकवते, मुलींची टीम चालवते, म्हणून घेतलं. घेताना 'वस्तादांची पोरगी' हेही कुणीतरी म्हणालंच असेल. सुरुवातीला सगळ्यांना कौतुक वाटलं. पुण्याला नोकरीला गेलेली, दुबईला गेलेली आपल्या पेठेतली पोरं तिकडून मॅच बघायला लागली, खेळाडूंच्या बुटांची आणि दुखापतींच्या औषधपाण्याची सोय व्हायला लागली. मग यंदा गॅलरीत जागा मोकळ्या दिसायला लागल्या आणि कमिटीनं लगेच बैठक बोलावली. एकजण म्हणाला, फोनवरची मॅच बंदच करा. दुसरा म्हणाला, चालू ठेवा, पण फुकट करा, पैसे कसले घेताय आपल्याच माणसांकडून. शेवटी अध्यक्षांनी मधला मार्ग काढला: गावाबाहेरच्यांना दाखवायची, कोल्हापुरात बंद. गावात राहणाऱ्याला फोन कशाला, चार पावलं चाललं की स्टेडियम. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बोट तुमच्या वाक्याकडं गेलं.

चार पावलं! आबा, आपलं घर स्टेडियमच्या पाठीला लागून. गच्चीवर उभं राहिलं की गॅलरीची मागची भिंत दिसायची आणि भिंतीवर झेंड्यांची टोकं. मैदान तेवढं दिसायचं नाही. तुम्ही दुपारी रुमाल डोक्याला बांधून निघायचा, मी जिन्यापर्यंत मागं यायची. "आबा, मलाबी न्या की." तुम्ही चप्पल घालता घालता म्हणायचा, "पोरींचं काम न्हाई त्ये. शिव्या अस्त्यात तितं." त्याच शिव्या मला गच्चीवर स्पष्ट ऐकू यायच्या, एवढं सांगायचं राहून गेलं.

आणि खाली स्वयंपाकघरात आई अडकलेली. टीम जिंकली की तुम्ही सगळी पोरं घरी जेवायला घेऊन येणार, हा तुमचा नेम. मग तांबडा रस्सा हवा, पांढरा हवा, भाकऱ्यांची चवड हवी. हरली तर तुम्ही एकटे येणार आणि आमटीभात चिवडून भिंतीकडं तोंड करून पडणार. आईला चार वाजता ठरवावं लागायचं की सहा वाजता घरात लग्नघर असणार की सुतक. मटण आणून ठेवलेलं, खोबरं भाजलेलं, पाटा धुतलेला, आणि ती जिन्याखालून ओरडतेय, "काय झालं गं? वाटण वाटू का?" मी वरून सांगायची. कसं? कानानं. आपल्या पेठेचा गोल झाला की आधी हलगी कडाडायची आणि मग आवाज उठायचा. समोरच्यांचा झाला की आधी शिट्ट्या. नुसता चान्स हुकला की आवाज वर जाऊन मधेच बसायचा. मी सांगायची, "वाट," आणि खाली पाट्यावर वरवंटा फिरायला लागायचा. तुम्ही पोरं घेऊन दारात यायचा तेव्हा रस्सा उकळत असायचा, आणि तुम्हाला वाटायचं की घरातल्या बायकांचा तुमच्या टीमवर काय विश्वास!

एकदाच चुकले मी. त्या दिवशी हलगी आधी कडाडली, अगदी आपल्यासारखी, आणि मी आईला म्हटलं, वाट. मला काय माहीत, आदल्या आठवड्यात ज्या पेठेला आपण हरवलं होतं, तिथली पोरं डूख धरून स्वतःची हलगी घेऊन समोरच्यांच्या बाजूला जाऊन बसलीत! आपल्या गावात हे असं चालतं, हे मला गॅलरीत बसू दिलं असतं तर कळलं असतं. तुम्ही एकटे आलात. घरभर रश्श्याचा वास. तुम्ही चुलीपाशी जाऊन पातेल्यावरचं झाकण उचललंत आणि आईकडं बघितलंत. "हरल्यावर घरात रस्सा? मी मेलो तवाबी करशीला." आईनं पदर तोंडाला लावला आणि माझं नाव घेतलं नाही. मीच म्हटलं, आबा, मी सांगितलं, मला आवाजावरून वाटलं. तेव्हा तुम्ही ते वाक्य बोललात. "ग्राउंडवर आल्याबिगर म्याच कळत न्हाई." आणि झाकण आपटलंत. तो रस्सा रात्री शेजारी वाटला गेला.

म्हणजे बघा, ज्या वाक्याला तालमीत हार घालतात, ते तुम्ही कुठल्या खेळाडूला सांगितलेलं नाही. स्वयंपाकघरात बोललात, रागात, आणि अशा दोघींना बोललात ज्यांना ग्राउंडवर यायची परवानगी तुम्हीच देत नव्हता. हे मला तेव्हाही सलायचं, आजही सलतंय, आणि तुम्ही गेलात म्हणून मी ते गोड करून सांगणार नाही.

तर बैठकीत मी उठले. म्हटलं, अध्यक्षसाहेब, दुबईचा पोरगा लांब आहे हे तुम्हाला दिसतं. स्टेडियमच्या मागच्या गल्लीतली बाई त्याच्यापेक्षा लांब आहे, ती दिसत नाही. तो सुट्टी काढून येईल तरी. गॅलरी मोकळी पडते ती फोनमुळं नाही, उन्हात वर छप्पर नाही म्हणून पडते, प्यायला पाणी नाही म्हणून पडते. बायकांसाठी धड बाथरूम नाही तिथं. ते बांधा, मग मला चार पावलं मोजून दाखवा. मी स्वतः दर मॅचला गॅलरीत असते, मला ग्राउंडचं प्रेम शिकवू नका. आणि फुकट का नाही, तेही सांगते. फुकट दिलं की मेहेरबानी होते. पैसे दिले की बाई हक्कानं शिवी घालते. मागच्या आठवड्यात मला एका बाईंचा फोन आला, मॅच चालू असताना. "ओ म्याडम, पैसं घेतलाईसा न्हवं? मग क्यामेरा नीट धरा की! कॉर्नर मारालाय आनि तुमी झाडं दावालाईसा!" मी माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा कुणा बाईनं आपल्या तालमीला मॅचवरून झापलं, आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

अध्यक्ष म्हणाले, "आसल्या एकदोन बायका आसत्यात. नाव काय बाईचं?" मी म्हटलं, नाव कशाला, तुमच्याच घरातल्या आहेत. गावातलं पहिलं तिकीट तुमच्या स्वयंपाकघरातून निघालंय. सगळी सभा खो खो हसायला लागली. अध्यक्ष लालबुंद झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. "तरीच म्हनतो, म्या घरला जायच्या आत हिला कोन आफसाइड हुता त्ये कसं ठावं आसतंय!" शेवटी ठरलं, हा हंगामभर गावातही चालू राहील, पैसे घेऊनच, आणि बाथरूमचा अर्ज पुढच्या आठवड्यात द्यायचा. हंगाम संपला की पुन्हा भांडण आहेच. मी तयारीत आहे.

एक गोष्ट मात्र मी सभेत बोलले नाही. बोलले असते तर निकाल तिथंच लागला असता. तुमची शेवटची दोन वर्षं. अर्धांग गेलेलं, कॉट खिडकीपाशी ओढलेली. तालमीची पोरं म्हणाली, वस्ताद, खुर्चीत बसवून उचलून नेतो, आणि तुम्ही जड जिभेनं म्हणालात, "लोकं म्याच बगाय येत्यात. मला बगाय न्हवं." त्यानंतर तुम्हाला कुणी आग्रह केला नाही. मग पहिली मॅच आली. खिडकीतून आवाज उठला. तुम्ही उशीवरून मान उचलली, इकडं बघितलंत, तिकडं बघितलंत. आयुष्यभर त्या आवाजाच्या आत उभं राहिलेला माणूस, बाहेरून तो तुम्हाला ओळखताच येईना. "कुनाचा?" तुम्ही मला विचारलंत. मी म्हटलं, आपला. "कशावरनं?" हलगी आधी, आवाज मागाहून, मी म्हटलं, आणि हलगी आपल्याच बाजूची आहे, तीही आता ओळखता येते मला. मी वाट बघत होते, आता तुम्ही काहीतरी बोलाल. बोललात, पण माझ्याशी नाही. स्वयंपाकघराकडं तोंड करून, होता नव्हता तेवढा जोर लावून आईला हाक मारलीत, "वाटण वाट गं!" मॅच संपायला अजून अर्धा तास होता.

त्या दिवशी माझ्यापुढं तुम्ही हरलात, आबा. मला फार बरं वाटलं आणि फार रडूही आलं. त्यानंतर प्रत्येक मॅचला मी कॉटशेजारी बसून तुम्हाला सांगत होते आणि तुम्ही माझ्या कानाच्या भरवशावर घरात रस्सा करवत होता. फोटोखाली काहीही रंगवू दे, तुम्हीही शेवटी घरात बसूनच मॅच बघितलीत. हे मी सभेत वापरलं नाही. ती आपली घरातली गोष्ट आहे, आणि जिंकायला मला तुमची गरज पडू नये अशी माझी इच्छा होती.

आता काल. आईचे गुडघे गेलेत, जिना तिला सुटलाय. मी काल गॅलरीत गेले नाही, तिच्याजवळ थांबले. पाट्याशेजारी फोन टेकवून ठेवला, ती चष्मा लावून बघतेय, मधेच कॅमेऱ्याला नावं ठेवतेय. फोनवर मॅच जरा मागून येते, आबा, हे एक आहेच. फोनमध्ये बॉल अजून मध्यावर आणि खिडकीतून आवाज उठला, मोठा. आईनं फोनकडं बघितलंच नाही. मान वर करून मला विचारलं, "कुनाचा गं?"

मी कान दिला. हलगी होती, शिट्ट्याही होत्या, सगळं एकदमच आलं. मला कळेना. इतकी वर्षं गॅलरीत बसून, त्या आवाजात स्वतःच ओरडून ओरडून, माझा गच्चीवरचा कान गेलाय. मी आईला म्हटलं, थांब, फोनवर दिसू दे. ती हातात वरवंटा धरून थांबली. गोल आपला होता.

हे पत्र पाठवायचं नाहीच आहे. पण पत्ता असता तरी ही शेवटची गोष्ट खोडूनच पाठवलं असतं. नाहीतर हसला असता तुम्ही.