गवत ओळखलं, फुलपाखरू नाही

प्रिय चिमणे,

जाड पेनाची ही भलीमोठी अक्षरं पाहून हसू नकोस. फोनवरचं बोलणं तुझ्या आईच्या कानावर जातं, म्हणून लिहितोय.

संग्रहालयाच्या नव्या दालनासाठी मला एक मोठं चित्र काढायचं होतं. एका बाजूला नदीकाठचं गवत, दुसऱ्या बाजूला त्याच गवतावर अंडी घालणारं तपकिरी फुलपाखरू. दोघांत सारखं काय, वेगळं काय, हे न वाचताच कळावं, असं दालनाच्या प्रमुख बाईंचं म्हणणं. बाई तुझ्याच वयाच्या. मी जीव ओतून काम केलं. गवताचे तुरे काढले, पात्याला चिकटलेली हिरवी अळी काढली, जी हलली नाही तर पातंच वाटते. चित्र नेऊन दिलं तेव्हा छाती फुगली होती, खरं सांगतो.

बाईंनी बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, गवत अप्रतिम झालंय, पण या फुलपाखराच्या पंखावर डोळ्यासारखा एकच ठिपका असतो, तुम्ही दोन काढलेत. मी उखडलो. तुमच्या जन्माआधीपासून पंख रंगवतोय, असं काहीबाही बोललो. त्यांनी वाद घातला नाही, नमुन्यांची पेटी आणून समोर उघडली. मी वाकलो. मला तपकिरी धुकं दिसलं आणि त्यात दोन काळे ठिपके. शेजारच्या सुकवलेल्या गवतावरून बोट फिरवलं, तर कडेची खरखर लगेच ओळखीची लागली. त्याच भरात बोट फुलपाखरावर नेलं. पंखाचा भुगा झाला.

सगळे बघत होते. बाईंनी मऊ कुंचल्याने माझं बोट साफ केलं, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं, आणि विचारलं, "काका, कधीपासून नीट दिसत नाहीये?"

त्यांनी खडसावलं असतं तर बरं झालं असतं. मी तसाच घरी आलो. तुझ्या आईला सांगितलं, चित्र सगळ्यांना आवडलं. तेव्हापासून पाठदुखीचं निमित्त करून घरीच बसलोय. ती बिचारी माझी पाठ शेकत बसते आणि मला तिच्याकडे तोंड वळवायची लाज वाटते.

तू पाठवलेला बाळाचा फोटोही मला दिसला नव्हता. नाक माझ्यावर गेलंय असं ठोकून दिलं, आणि तू विषय बदललास. त्यात बाळ पाठमोरं होतं, हे आईच्या बोलण्यातून नंतर कळलं. चिमणे, डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकट्याने जायचं धाडस होत नाही. तू ये. आईला तूच सांग, मी शेजारी बसेन. मग मला हाताला धरून ने.

तुझाच,
हट्टी बाबा